पिची ओढ्याचं रान

माझी नणंद ओर्फेलिना वेनांते एकोणीस वर्षांची असताना लाकूड कंपनीच्या रोपवाटिकेत कामाला लागली. त्याच वर्षी मी लग्न होऊन लिंकुरात, या समुद्रकाठच्या गावात, आले, त्यामुळे तिचं पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलंय. ऐकीव काही सांगत नाही.

आमच्या मागचा डोंगर कंपनीनं विकत घेतला होता. त्यावरच्या जुन्या रानातलं सरळसोट लाकूड तोडून नेलं आणि उरलेलं पेटवून दिलं. तीन आठवडे धूर होता. मासेमारीच्या होड्यांना आमचा किनारा दिसेना. मग त्या काळ्या उतारावर निलगिरी लावायची ठरली आणि त्यासाठी रोपं हवी होती, लाखांनी. ओर्फेलिनाचा हात असा चालायचा की मुकादम कामं सोडून बघत उभा राहायचा. दोन पानांचं रोप चिमटीत धरायचं, मूळ न दुखवता ट्रेच्या खळग्यात बसवायचं, अंगठ्यानं माती दाबायची, की पुढचं. हिवाळ्यात बोटं बिटासारखी लाल व्हायची, तरी ही गुणगुणतच असायची. निलगिरी वाढायलाही वेळ लावत नाही. सहा वर्षांत झाडं चर्चच्या मनोऱ्याच्या वर गेली.

"आई, बघ ना," ती खिडकीतून डोंगर दाखवायची. "ती सगळी माझी पोरं."

माझ्या सासूबाई, पास्कुआला, चुलीशी बसून माते, आमचा पाल्याचा कडू चहा, नळीनं ओढत असायच्या. त्या नळी तोंडातून न काढता म्हणायच्या, "दिसतायत खरी. पण सगळी एकाच तोंडवळ्याची गं. बाप कोण यांचा?"

आम्ही हसायचो. तेव्हा हसण्यासारखंच होतं.

आमच्या घराला पाणी पिची ओढ्याचं. पिची म्हणजे आमच्या म्हाताऱ्यांच्या भाषेत धाकटा. वरच्या डोहातून एक काळा पाइप घरापर्यंत आणला होता आणि तो कधी बंद करावा लागत नसे. एका फेब्रुवारीत, म्हणजे आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यात, त्यातून पाण्याऐवजी नुसती हवा फुसफुसली. माझा नवरा बेलार्मिनो दिवसभर सांधे तपासत फिरला. पाइपला काही झालं नव्हतं. पुढच्या वर्षी जानेवारीतच तसं झालं. निलगिरी लावल्याच्या बाराव्या वर्षी नाताळपासून एप्रिलपर्यंत पिचीच्या पात्रात फक्त गोटे होते, पांढरे, वाळलेले. नगरपालिकेचा टँकर आठवड्यातून एकदा यायचा आणि आम्ही निळे ड्रम रस्त्याच्या कडेला मांडून ठेवायचो.

त्या रांगेत शेजारची इस्मेनिया एकदा सगळ्यांदेखत म्हणाली, "ओर्फेलिना, तुझ्या पोरांना सांग की जरा हात आखडून प्या म्हणावं. आम्हालाही बटाटे उकडायचेत."

लोक हसले. ओर्फेलिनाही हसेल असं मला वाटलं होतं. तिनं ड्रम तिथंच ठेवला आणि घरी निघून आली.

त्या दुपारी ती मला घेऊन डोंगरात गेली. निलगिरीच्या रांगांमधून आम्ही तासभर चाललो. खाली गवत नव्हतं की झुडूप नव्हतं, नुसता सुक्या पानांचा आणि सालींचा खच. झाडांवरून लोंबणाऱ्या साली वाऱ्यानं एकमेकींवर घासत होत्या. मध्येच ती थांबली.

"वहिनी, चुकाव शेवटचा कधी ऐकलास?"

चुकाव हा आमच्याकडचा पक्षी. झाडोऱ्यात लपून कोंबडीसारखा ओरडतो. वाटेच्या उजवीकडून ओरडला तर काम होतं, डावीकडून ओरडला तर घरी परत फिरावं. मी आठवायला लागले आणि मला आठवेना.

"माझ्या पोरीला तो ठाऊकच नाही," मी म्हटलं. "दहा वर्षांची झाली."

सोमवारी ओर्फेलिनानं नोकरी सोडली. पुढची काही वर्षं ती समुद्रावर शेवाळ गोळा करून विकायची आणि डोंगराकडे पाठ करून बसायची.

पुढे कंपनी आपल्या कर्मानं बुडाली. डोंगर कुणी घ्यावा याची चर्चा होता होता निसर्ग राखणाऱ्या एका संस्थेनं तो घेतला. गावात कुणाला आनंदबिनंद झाला नाही. मालक बदलला की फाटकावरचं कुलूप बदलतं, एवढंच आम्हाला माहीत. मग एके दिवशी चिखलानं भरलेले बूट दाराबाहेर काढून त्या संस्थेची, वनशास्त्र शिकलेली एक बाई आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. तिचं नाव मिर्ता ओयार्सो. तिनं सांगितलं की पिचीच्या उगमाकडचे सगळे उतार निलगिरीपासून मोकळे करायचे आणि तिथं पूर्वीचं रान परत आणायचं.

बेलार्मिनो म्हणाला, "रान परत लावायचं? बाई, रान म्हणजे काय कोबी आहे?"

"नाही ना. म्हणून तर आले. रोपं करणारं माणूस हवंय. ज्याला विचारलं तो ओर्फेलिनाचं नाव घेतो."

ओर्फेलिनानं उठून चुलीत लाकूड सारलं. "मी एकदा डोंगर लावलाय. काय झालं ते बाहेर ड्रममध्ये वाकून बघा."

तेवढ्यात कोपऱ्यातून सासूबाई बोलल्या. त्यांची नजर तोवर जवळजवळ गेली होती. "ज्यानं गाठ मारली त्यालाच ती सोडवता येते. दुसरा येईल तो दोरच कापेल. जा गं, नखरे नको करूस."

अशी ती परत मातीत बसली. पण आता तिचा हात चालेना. निलगिरीचं बी आठ दिवसांत वर येतं. आमच्या रानाच्या झाडांचं बी हट्टी. सर्वांत हट्टी ओलिविल्यो. हे किनाऱ्यावरच्या रानातलं थोरलं झाड, बुंधा दोघांच्या कवेत न मावणारा, फळ जांभळं, बोराएवढं. खोल घळीत, जिथं करवत पोचली नव्हती, तिथं त्याची पाच-सहा जुनी झाडं उरली होती. तिथून ओर्फेलिनानं पोतंभर फळं आणून पेरली. वर्षभर पाणी घातलं. एक कोंब आला नाही. मिर्तानं पुस्तकं चाळली, शहरात फोन केले. कुणी काही सांगे, कुणी काही. गावात इस्मेनियानं विचारलंच, "काय गं, ही पोरं रुसली वाटतं?"

मग एका सकाळी ओर्फेलिना पदर धरावा तसा एप्रन धरून धावत घरात आली आणि जेवणाच्या टेबलावर तिनं तो उलटा केला. कबुतरांची विष्ठा.

"अगं, हे काय घरात आणलंस!" मी ओरडले.

"वहिनी, नाक दाब आणि बघ."

मी नाक दाबलं आणि पाहिलं. त्या घाणीत ओलिविल्योच्या बिया होत्या, गर निघून स्वच्छ झालेल्या, आणि त्यातल्या कितीतरी फुटल्या होत्या. रानकबुतरं ज्या एका झाडावर रात्री बसायची त्याच्या खाली हे सगळं उगवत होतं. आम्ही गरासकट पेरत होतो आणि बी आतल्या आत कुजत होतं. तो संपूर्ण शरद ऋतू आम्ही दोघी बादलीत चाळण बुडवून फळांचा गर चोळून काढत बसलो. माझे हात महिनाभर जांभळे होते. वसंतात ट्रेमध्ये पहिला कोंब वाकलेल्या मानेनं वर आला, दुसऱ्या दिवशी चाळीस आले, आणि आठवड्यानं मोजायचं आम्ही सोडून दिलं. ओर्फेलिना ट्रेपाशी गुडघ्यांवर बसून होती. "कबुतरांना ठाऊक होतं," ती हळूच म्हणाली. "आणि मी म्हणे चलाख हातांची."

तोवर वरच्या उतारावर करवती चालू झाल्या होत्या. निलगिरी पडत होती आणि गाव घाबरलं होतं. उघडा डोंगर पाहिला की आम्हाला जुना जाळ आठवतो. पहिल्याच हिवाळ्यात मुसळधार पाऊस झाला, पिचीतून लाल गाळ वाहत आला आणि लोकांच्या वाफ्यांत पसरला. त्यात निलगिरीचे बुंधे मरेनात. कापलेल्या प्रत्येक बुंध्यातून दहा-दहा फुटवे यायचे. ओर्फेलिना आणि तिच्याबरोबरच्या चार बाया सुऱ्या घेऊन ते खुडत उतारभर फिरायच्या, आणि खुडलेल्या बुंध्यांच्या मधल्या जागेत ओढ्याच्या दोन्ही काठांनी कोयवे, उल्मो, कानेलो, ओलिविल्यो या जुन्या रानातल्या झाडांची रोपं लावायच्या. सगळी मिसळून, रांगेत नाही. मुद्दाम रांगेत नाही. मिर्तानं दोरी आणली होती, ओर्फेलिनानं ती गुंडाळून परत दिली.

आणि मग आमच्याच घरात भडका उडाला.

ऑक्टोबरात बेलार्मिनोच्या सात गाई वर गेल्या. चुकून गेल्या असं तो सांगत होता, पण खालचं गवत संपलं होतं हे मला माहीत होतं. दोन दिवस त्या वर चरल्या. ओर्फेलिना तिसऱ्या दिवशी गेली तेव्हा काठावरच्या दोन हजार रोपांचे शेंडे गेले होते. ओलिविल्योची बहुतेक सगळी. ती खाली आली ती थेट भावासमोर उभी राहिली.

"तुझ्या गाई वर होत्या."

"फाटक उघडं राहिलं असेल."

"फाटक तू उघडलंस."

"असेल उघडलं! गाई काय, तुझी झाडं मोठी होईपर्यंत हवा खातील? तुझ्या आधीच्या झाडांनी माझं पाणी घेतलं. आताची माझं कुरण घेणार. प्रत्येक वेळी मीच का द्यायचं?"

ओर्फेलिनाचा चेहरा असा झाला की मी दोघांच्या मध्ये गेले. पण ती ओरडली नाही. म्हणाली, "खरंय. पाणी माझ्यामुळं गेलं. म्हणून तर गेली तीन वर्षं मी रोज वर मरतेय, भाऊ." आणि ती जाऊन गोठ्यामागच्या ओंडक्यावर बसली.

बेलार्मिनो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठले तर तो बैलगाडीत निलगिरीचे ओंडके भरत होता. ते फाडून त्यानं खांब केले आणि ओढ्याच्या दोन्ही अंगांनी कुंपण घालायला घेतलं. त्याला अडीच महिने लागले. बहिणीशी तो त्या काळात कामापुरतंच बोलला. "हा खांब इथं की तिथं?" "तिथं." एवढंच. पण दुपारचं जेवण मी दोघांचं एकाच डब्यात पाठवायचे, आणि डबा रिकामा परत यायचा.

दोन फेब्रुवारी कोरडेच गेले. तिसऱ्या फेब्रुवारीत, टँकरच्या दिवशी सकाळी, धुकं अजून समुद्राकडे सरकत असताना ओर्फेलिना दारात आली. "चल," म्हणाली. बाकी काही नाही. पुलाच्या वरच्या वळणावर आम्ही पात्रात उतरलो. गोटे नेहमीसारखे कोरडे होते.

"काय आहे?"

"ऐक."

मी वाकले. काही नाही. मग गुडघे टेकले आणि कान जवळजवळ दगडाला लावला. खाली, दगडांच्या आत, कुणी झोपेत बोलावं तसं काहीतरी चाललं होतं. ओर्फेलिनानं एक मोठा गोटा उचलून बाजूला ठेवला, मग त्याखालचा, मग त्याखालचा, आणि त्या खड्ड्यात पाणी भरायला लागलं. गढूळ नाही, लाल नाही. स्वच्छ. ऐन फेब्रुवारीत! आम्ही दोघी मनगटापर्यंत हात बुडवून तशाच बसून राहिलो. ते इतकं गार होतं की हाडं दुखली, पण हात काढावेसे वाटेनात.

पाण्याला धनी असतो अशी आमची समजूत आहे. त्याला न विचारता ओढ्यात पाय घालायचा नाही. सासूबाई नेहमी म्हणायच्या की आपण रान जाळलं तेव्हा पिचीचा धनी उठून गेला. आम्ही धावत घरी जाऊन सांगितलं तेव्हा त्यांनी हातातलं माते खाली ठेवलं. चालणं त्यांना जमत नव्हतं. बेलार्मिनोनं त्यांना लहान मुलीसारखं उचललं आणि वळणापर्यंत नेलं. त्यांच्यामागं सगळं गाव, इस्मेनियासकट. त्यांना दगडावर बसवलं. त्यांनी डोकं एका बाजूला कलतं केलं आणि बराच वेळ ऐकलं. कुणी हललं नाही. लहान पोरंसुद्धा.

"आहे," त्या म्हणाल्या. "थोडं आहे. मोठ्यानं बोलू नका. नवीन आहे, लाजेल."

मग त्यांनी आपल्या भाषेत पाण्याशी काहीतरी बोलून घेतलं. ते मला कळलं नाही, पण ओर्फेलिना रडत होती. इस्मेनियानं आपली शाल काढून तिच्या खांद्यावर टाकली. टोमणा मारला नाही. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदाच.

पुढच्या वर्षी पाणी दगडांवरून वाहिलं. त्याच्या पुढच्या वर्षी पाइपला आलं. सासूबाईंनी ते प्यायलं आणि त्या हिवाळ्यात त्या गेल्या.

इथवर तर आम्ही कष्ट केले होते. पण त्यानंतर जे यायला लागलं ते आमच्या कष्टाच्या हिशेबात बसत नाही. आम्ही झाडं लावली होती फक्त सात जातींची. लावलेली झाडं डोक्याच्या वर गेली, त्यांच्या सावल्या एकमेकींत मिसळल्या, आणि खाली नेचे उगवले. ते कुणी लावले नव्हते. बुंध्यांवर शेवाळ चढलं. मुर्ता या रानफळाची झुडपं आली आणि एप्रिलमध्ये गावातल्या बाया टोपल्या घेऊन फळं वेचायला जाऊ लागल्या. उल्मोला पहिला पांढरा बहर आला त्या वर्षी मधमाश्यांचा आवाज कुंपणाबाहेर ऐकू येत होता. निलगिरीचे मेलेले बुंधे भुसभुशीत झाले आणि त्यांच्याच अंगावर कोयव्याची पिलं उगवली. एकदा वाट चढताना माझ्या उजवीकडून चुकाव ओरडला. मी जागच्या जागी थांबले. माझी पोरगी, आता लग्नाची, विचारत होती, "आई, ही कोंबडी कुणाची सुटली?" मला हसू आणि रडू एकदम आलं.

आणि मग तो बेडूक.

लावणीला अकरा वर्षं झाली होती. ओर्फेलिना, मिर्ता आणि मी वरच्या डोहाकडे गेलो होतो. मिर्ताचे केस आता पांढरे झाले होते. शेवाळातून बारीक शिट्टी येत होती. पी-पी-पी. मला वाटलं पाखराचं पिल्लू घरट्यातून पडलंय. मिर्तानं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. "हलू नका," ती म्हणाली. ओर्फेलिनाला तो आधी दिसला. तिच्या नखाएवढ्या नेच्याच्या पानाशेजारी दुसरं एक पान होतं आणि त्या दुसऱ्या पानाला डोळे होते. अंगठ्याच्या पेराएवढा हिरवा बेडूक, नाकाला काट्यासारखं टोक. त्याचा गळा फुगलेला होता आणि तो गळा आतून हलत होता.

"हा बाप आहे," मिर्ता कुजबुजली. "अंड्यांतून पोरं निघायला आली की हा ती तोंडात घेतो. गळ्यातल्या पिशवीत वाढवतो. दीड-दोन महिने."

"जेवतो कसा मग?" मी विचारलं.

"जेवतो. पोरं गिळत नाही."

ओर्फेलिना पोटावर पालथी झाली होती, हनुवटी शेवाळात. किती वेळ गेला सांगता येत नाही. बेडकानं एकदा अंग आकसलं, पुन्हा आकसलं. मग त्याचं तोंड उघडलं आणि आतून एक बेडूक बाहेर आला. मुंगीपेक्षा जरा मोठा, पण पुरा, चार पायांचा, नाकावर तेच इवलंसं टोक. तो बापाच्या ओठावर क्षणभर बसला, जगाकडे बघितल्यासारखं केलं, आणि शेवाळात उडी मारून दिसेनासा झाला. मग दुसरा. मग तिसरा.

मिर्ताच्या गळ्यात कॅमेरा होता. तो तसाच लटकत राहिला. तीस वर्षं ती रानात काम करत होती, पण असं तिनंही कधी पाहिलं नव्हतं. ती डोळे पुसत होती, आणि मला चर्चमध्ये असल्यासारखं डोकं झाकावंसं वाटत होतं.

परतताना कुंपणाशी आल्यावर ओर्फेलिना म्हणाली, "वहिनी, हा इतकी वर्षं होता कुठं?"

"घळीत असेल."

"त्या पाच झाडांखाली? एवढासा बेडूक. आणि आपल्याकडे रान झालंय हे त्याला सांगितलं कोणी?"

मिर्तानं फाटक नीट लावून घेतलं.

आता ओर्फेलिना छप्पन्न वर्षांची आहे. पिचीच्या शेजारचं खोरंही निलगिरीपासून मोकळं होतंय आणि तिच्या हाताखाली नऊ बाया आहेत. गेल्या महिन्यात विद्यापीठातली मुलं बघायला आली होती. एकीनं वही उघडून विचारलं, "हे रान पूर्ण व्हायला किती वर्षं लागतील?"

"घळीतल्या ओलिविल्योला चारशे वर्षं झालीत म्हणे," ओर्फेलिना म्हणाली. "तेवढी धर."

"म्हणजे तुम्हाला ते बघायला मिळणार नाही."

"मला काय, तुलाही नाही, बाळ. तुझ्या वहीलाही नाही." मुलं हसली. तीही हसली, मग टोपली पाठीवर चढवण्यासाठी तिनं मला हात द्यायला सांगितलं. साठ रोपं होती, ओल्या मातीसकट. मुलगी अजून वहीत काहीतरी लिहीत होती. ओर्फेलिना तोवर नव्या उताराला लागली होती.